पाचवी मावशी सोमवारी नको, शनिवारी बोलवा

पत्र : माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. तीन महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला आणि डावी बाजू गेली. बोलणं स्पष्ट आहे, डोकं शाबूत आहे. ऐरोलीला सिडकोच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. मी महापेला नोकरी करते, यजमान तळोज्याला. पेशंट सांभाळायला बायका पुरवणाऱ्या ब्युरोकडून सकाळी ८ ते रात्री ८ अशी मावशी घेतो, पण तीन महिन्यांत चार झाल्या. तिसरीचा कप सासूबाईंनी वेगळा ठेवायला लावला, ती रुसून गेली. अंघोळीला कोणालाच हात लावू देत नाहीत, ओरडतात. डायपर दिवसभर असतो. आठवड्यापासून माकडहाडावर लाल चट्टा दिसतोय, मावशी त्याला रोज खोबरेल चोळते. चहा पिताना ठसका लागतो. ब्युरो पाचवी बाई पाठवतोय. हे म्हणतात, तू नोकरीच सोड. काय करू?
– एक वाचक, ऐरोली

ताई, मावशीचं आणि नोकरीचं नंतर बोलू. आधी तो चट्टा, कारण तो तुमच्या रजेची वाट बघणार नाही.

आज सासूबाईंना कुशीवर वळवा आणि चांगल्या उजेडात चट्ट्यावर बोट टेकवून तीन-चार सेकंद दाबा. बोट उचलल्यावर जागा क्षणभर पांढुरकी होऊन पुन्हा लाल झाली, तर रक्त अजून खेळतंय. लालची लालच राहिली, तर बेडसोर, म्हणजे पडून राहून दाबाने होणारी जखम, सुरू झाला असं धरा आणि उद्याच डॉक्टरांना दाखवा. सावळ्या कातडीवर लाली नीट कळत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा काळपट-जांभळट झाक आहे का, हाताला ऊब लागते का, जागा कडक किंवा लिबलिबीत झाली आहे का, ते बघा. फोड आला, कातडी सोलली, काळं पडलं, वास आला किंवा ताप आला, तर घरगुती काहीही करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

आणि तेल चोळणं आत्तापासून बंद. मावशी ते मायेनेच करत असणार, पण वर हाड आणि खाली गादी यांच्यामध्ये चेपून त्या जागेच्या बारीक रक्तवाहिन्या आधीच अर्धमेल्या झाल्या आहेत, चोळल्याने त्या तुटतात. पावडर, स्पिरिट, डेटॉल हेही नको. मधे भोक असलेली हवेची गोल उशी बरेच जण आणतात. तीही नको, तिच्या कडेने दाब पडतो आणि मधल्या जागेचा रक्तपुरवठा आणखी कमी होतो. कोमट पाण्याने पुसायचं, मऊ कापडाने टिपून कोरडं करायचं, झिंक ऑक्साइडचं मलम अगदी पातळ लावायचं. खरं औषध एकच, त्या जागेवरचं वजन काढणं.

चट्टा जाईपर्यंत पाठीवर झोपवणं वगळा. उजवी कूस दोन तास, मग डावी कूस दिवसा तास-दीड तास. डाव्या बाजूला वेळ कमी, कारण तिथली संवेदना कमी असते आणि दुखलं तरी त्यांना कळत नाही. डाव्या कुशीवर झोपवताना डावा खांदा अंगाखाली दबू देऊ नका, हलकेच पुढे काढून घ्या. पूर्ण आडव्या कुशीवरही झोपवायचं नाही, मग सगळा भार मांडीच्या खुब्यावर येतो. पाठीमागे उशी सरकवून त्यांना जेमतेम ३० अंश तिरकं करा. बरोबर जमलं का हे बघायला तळहात माकडहाडाखाली सरकवा. हात अडकला नाही, हाड गादीपासून सुटलेलं लागलं, म्हणजे जमलं. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी. पोटऱ्यांखाली आडवी उशी अशी ठेवा की टाचा अधांतरी राहतील. टाचेखालून कागद सरकला पाहिजे. माकडहाडाखालोखाल बेडसोर टाचेलाच होतात आणि तिकडे कोणाचं लक्ष नसतं.

बेडसोरचं दुसरं कारण घसरणं. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच ठेवली की माणूस इंच-इंच खाली सरकतं. कातडी चादरीला चिकटून जागेवर राहते आणि आतलं हाड पुढे जातं, कातडी आतून फाटते. जेवण सोडून एरवी डोकं ३० अंशांपेक्षा वर नको. आणि वर सरकवताना काखेत हात घालून ओढायचं नाही. खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी चादर चौपदरी करून अंगाखाली कायम घातलेली ठेवा, दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलून सरकवा.

एअर बेड, म्हणजे पंपावर चालणारी हवेची गादी, घ्या, पण तो कूस बदलण्याला पर्याय नाही. तो नेहमीच्या गादीवर अंथरायचा आणि वर एकच पातळ सुती चादर. मेणकापड, त्यावर गोधडी, त्यावर चादर असे थर टाकले की हवेचा उपयोग संपतो. पंपाची चावी पेशंटच्या वजनाप्रमाणे लावायची असते. लावल्यावर एअर बेडखाली, बरोबर कमरेच्या खालच्या जागी हात घाला. हात आणि त्यांचं अंग यांच्यात इंचभर हवा जाणवली पाहिजे. हाड थेट हाताला लागलं तर हवा कमी आहे. लाइट गेली की पंप बंद पडतो आणि गादी हळूहळू बसते, तेव्हा कूस लवकर बदलायची आणि लाइट आल्यावर पंप चालू झाला का हे डोळ्यांनी बघायचं. बटण चुकून बंद राहून अख्खी रात्र चपट्या गादीवर गेलेले पेशंट कमी नाहीत.

डायपर दिवसभर कशाला? सासूबाई बोलतात, त्यांना लघवी लागलेली कळते, तर दिवसा दर दोन-तीन तासांनी बेडपॅन किंवा कमोड-खुर्ची द्या आणि डायपर रात्रीपुरता ठेवा. रात्रीचाही भरायची वाट न बघता ओला झाला की बदला, आणि पुसताना नेहमी पुढून मागे. माप कमरेचं नाही, नितंबांचा सगळ्यात रुंद घेर मोजून घ्यायचं. सैल डायपर गळतो म्हणून दोन चढवतात, त्याने आत उकडून कातडी पांढुरकी, भिजकट होते आणि तीच आधी सोलते. नवी मुंबईच्या पावसाळ्यात तर जांघेत बुरशी धरायला दोन दिवस पुरतात, म्हणून रोज काही वेळ ती जागा उघडी, कोरडी ठेवा.

आता एक गोष्ट लक्ष ठेवून बघा. उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या संध्याकाळी जवळजवळ तसाच भरलेला असतो का? अंथरुणाला खिळलेल्या बायका मुद्दाम पाणी पीत नाहीत, उगाच कोणाला पुन्हा-पुन्हा पॅन द्यायला लागू नये म्हणून. मग लघवी गडद होते, जळजळ, संसर्ग, खडा होणं हे सगळं मागोमाग येतं. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलेलं नसेल, तर पाणी मागण्यावर सोडू नका, ठरलेल्या वेळी घोट-घोट द्या.

पण पाणी आणि चहा कसा द्यायचा, हे ठसक्यावर ठरणार. पॅरालिसिसनंतर गिळणं बिघडतं, आणि सगळ्यात अवघड पडतं ते पातळ पेय, कारण घशाला सावरायला वेळच मिळत नाही. पिल्यावर खोकला येणं, आवाज ओलसर घरघरणं ही घास श्वासनलिकेत उतरत असल्याची खूण. याच आठवड्यात न्यूरोचे डॉक्टर किंवा स्पीच थेरपिस्ट यांच्याकडून गिळण्याची तपासणी करून घ्या, पेय किती घट्ट करायचं ते तेच सांगतील. तोवर आडवं किंवा अर्धवट बसवून काहीही देऊ नका. पाठ ताठ, हनुवटी किंचित छातीकडे, लहान चमचा, घास उजव्या गालाकडून. स्ट्रॉ नको. चहात बुडवलेलं बिस्किट दिसायला मऊ, पण तोंडात पाणी आणि गोळा वेगळे होतात आणि तिथेच ठसका लागतो. कोरडे पोहे, चिवडा, भाकरीचा चुरा सध्या नाही. गुरगुट्या भात-वरण, घट्ट खीर, कुस्करलेली भाजी चालेल. जेवण झालं की डाव्या गालात बोट फिरवून अडकलेला घास काढा, दात-तोंड साफ करा आणि अर्धा तास बसवून ठेवा. बसवायचं शक्यतो खुर्चीत, पलंग उंच करून नाही, म्हणजे वर सांगितलेलं घसरणं टळतं. सध्या एका बैठकीत तासाच्या वर बसवू नका आणि मधे दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडं पुढे वाकवून माकडहाडावरचा भार हलका करा. ताप आणि खोकला एकत्र आला तर थांबू नका, लगेच डॉक्टर.

अंघोळीचं भांडण अंघोळीचं नसतं. ज्या बाईने साठ वर्षं पहाटे अंघोळ करून मग देवाला हात लावला, तिला दुपारी साडेअकराला, कालच आलेल्या बाईने दार उघडं ठेवून उघडं करायचं, आणि तिने ओरडू नये? सासूबाईंना विचारा, अंघोळ कधी हवी. मावशी ८ ला येते, तर साडेआठ ही वेळ ठरवा, देवपूजेची तबकडी त्यानंतर त्यांच्या समोर ठेवा, उजव्या हाताने फूल त्या वाहू शकतात. पूर्ण अंघोळ आठवड्यातून दोन-तीनदा पुरते. बाकीचे दिवस पलंगावर अंग पुसणं, आणि जांघ व पार्श्वभाग रोज.

सिडकोच्या जुन्या घरांत बाथरूमचं दार अरुंद आणि पुढे उंबरा. चाकाची कमोड-खुर्ची घेण्याआधी टेपने दाराची मोकळी रुंदी मोजा, दार किती आत उघडतं तेही धरा, आणि खुर्चीची चाकांसकट रुंदी सर्जिकलच्या दुकानात तीच टेप लावून बघा. जात नसेल तर हातांची, बिनचाकी, पायांना रबर असलेली अंघोळीची खुर्ची आत कायम ठेवा. उंबऱ्यावर छोटी चाकं अडकून खुर्ची पुढे कलंडते, म्हणून चाकाची खुर्ची न्यायची ती दोघांनीच आणि उलटी. धरायचा दांडा बसलेल्या माणसाच्या उजव्या हाताला, जमिनीपासून साधारण ३३ ते ३६ इंचांवर, भिंतीत स्क्रूने पक्का. टॉवेलचा दांडा, नळ आणि चिकटवायचे हँडल यांवर माणसाचा भार टाकायचा नाही.

पलंगावरून खुर्चीत घेणं ही पडण्याची खरी जागा, ते मावशीला करून दाखवा. खुर्ची उजव्या, म्हणजे चांगल्या बाजूला, पलंगाशी तिरकी. ब्रेक लावून एकदा हलवून बघायची. सासूबाईंना उजव्या कुशीवर वळवा, पाय खाली सोडा, उजव्या हाताने गादी रेटत बसू द्या. मग एक-दोन मिनिटं तशाच बसू द्या, कारण झटकन उभं केलं की बीपी उतरून भोवळ येते. कमरेला रुंद ट्रान्सफर बेल्ट, म्हणजे धरून उठवायचा पट्टा. पावलं जमिनीवर सपाट, पायात पकड असलेली चप्पल. मावशीने समोर उभं राहून आपल्या गुडघ्यांनी त्यांचा डावा गुडघा अडवायचा, बेल्ट धरायचा, "एक, दोन, तीन" म्हणायचं आणि सासूबाईंनी नाक पायांच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं पुढे वाकून उठायचं. डावा हात धरून कधीही ओढायचं नाही. लुळ्या खांद्याचे स्नायू सांधा धरून ठेवत नाहीत, एका हिसक्यात खांदा निसटतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो. बसल्यावर तो हात लोंबू न देता मांडीवर उशी ठेवून त्यावर.

बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि कोपर बुडवून बघायचं. पहिला तांब्या उजव्या पायावर, डाव्या बाजूला चटका बसला तरी त्या सांगणार नाहीत. साबण, दोन टॉवेल, गाऊन, सगळं आधी आत. अंगावर जुना परकर किंवा मोठा टॉवेल ठेवून त्याच्या आतून हात फिरवायचा. तोंड आणि पुढचा भाग त्यांचा त्यांना उजव्या हाताने धुऊ द्या, मावशीने पाठ फिरवून पाणी द्यायचं. वेळ दुप्पट लागेल, पण ओरडणं बहुतेक इथेच थांबतं. कपडे काढताना आधी उजवा हात, घालताना आधी डावा. पुढून उघडणारे गाऊन शिवून घ्या.

आता मावशी. तिसरी रुसून गेली नाही ताई, अपमान झाला म्हणून गेली. जी बाई तुमच्या आईसमान माणसाची शी-शू काढते, तिचा कप वेगळा ठेवायला सासूबाईंनी लावला आणि तुम्ही ठेवला. पाचवी येण्याआधी हे थांबवा. सासूबाईंशी यजमानांनी बोलायचं, मुलाने बोललेलं त्या ऐकतील. मावशीला जेवायला अर्धा तास, बसायला खुर्ची, पिशवी ठेवायला जागा आणि वापरायला संडास कोणता, हे पहिल्याच सकाळी सांगा.

घरकाम आणि पेशंटचं काम वेगळं. पेशंटची भांडी, कपडे, चादरी, खोली हे तिचं, घरची भांडी आणि तुमच्या मुलाचा डबा तिचा नाही. "बसून तर असते" म्हणून एक-एक काम वाढतं आणि बाई जाते. मात्र तिला काय येतं तेही नीट विचारून घ्या. ब्युरोची मावशी बहुधा कामात शिकलेली असते. जीडीए (जनरल ड्यूटी असिस्टंट) म्हणजे काही महिन्यांचं शिक्षण घेतलेली. इंजेक्शन, इन्सुलिन, लघवीची नळी किंवा नाकातली नळी बदलणं, जखमेचं ड्रेसिंग ही नर्सिंग शिकलेल्या (एएनएम-जीएनएम) नर्सची कामं, ती मावशीवर ढकलू नका. गोळ्या तुम्ही रविवारी आठवड्याच्या डब्यात भरा, मावशीने फक्त त्या-त्या खान्यातल्या द्यायच्या.

ब्युरोशी हे कागदावर घ्या : बाई आली नाही तर किती तासांत बदली, तो दिवस कापला जाणार का, नोंदणीची फी पुन्हा लागणार का, पैसे कोणाच्या हातात आणि पावती कोणाची, आठवड्याची सुट्टी कोणती. आधार कार्डाची प्रत घ्या, जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करा. बाईला बोलावताना सोमवारी बोलावू नका, शनिवारी बोलवा. शनिवारी सगळं तुम्ही करा, तिने बघावं. रविवारी तिने करावं, तुम्ही बघा. आधीच्या चौघी बहुधा सोमवारी आल्या असणार आणि त्यांना दारातच "आईंकडे बघा हं" एवढंच सांगून तुम्ही बस पकडली असणार. मग कोणी तेल चोळलं, कोणी दोन डायपर चढवले, यात त्यांचा दोष तरी किती?

शंभर पानी वही घ्या. रोज एक पान : वेळ, कूस डावी की उजवी, पाणी किती, लघवी-शौच, काय खाल्लं, ठसका लागला का, बीपी, आणि अंघोळीनंतर माकडहाड, टाचा, खुबे, खांदे बघून कातडी कशी होती. मावशीला लिहिता येत नसेल तर घड्याळाचं चित्र काढून त्यात बाण. रात्री ८ ला तिने जाण्याआधी दोन मिनिटं ते पान तिच्यासोबत वाचा. वही तिला पकडण्यासाठी नाही, हे तिला सांगा, नाहीतर सगळे रकाने एका दमात, एकाच पेनाने संध्याकाळी भरलेले दिसतील.

वापरलेले डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळ्या पिशवीत, सफाईवाल्यांना सांगून द्या. दुसऱ्या मजल्यावरून खाली नेणं प्रत्येक तपासणीला जमणार नाही, फिजिओथेरपिस्ट घरी बोलवा आणि त्यांच्यासमोर मावशीला उभं ठेवा. सासूबाईंचं वय ७० च्या वर असल्याने आयुष्मान कार्ड उत्पन्नाची अट न लागता निघतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत, पण ते रुग्णालयात दाखल होण्यासाठी, घरच्या मावशीचा पगार त्यातून मिळत नाही. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ ही हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालते. तोंड वाकडं होणं, बोलणं अचानक अडखळणं, नवी कमजोरी यातलं काहीही दिसलं तर १०८. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटक्यानंतर साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून शेवटचं ठीक कधी होतं ती वेळ लक्षात ठेवून सांगा.

नोकरी सोडू नका. तुमच्या घरात दिवसाचं माणूस आहे, नाही ते रात्रीचं. रात्री ८ ते सकाळी ८ हे बारा तास, दर दोन तासांनी कूस, आणि ते सगळे सध्या तुमच्या एकटीच्या अंगावर आहेत असं पत्रावरून दिसतं. चट्टा पूर्ण गेला आणि एअर बेड नीट चालत असेल, तर रात्रीचं अंतर वाढवता येईल का हे डॉक्टरांना विचारा, बऱ्याचदा तीन-चार तासांची मुभा मिळते. तोवर १० ची आणि २ ची कूस यजमानांची, १२ ची आणि ४ ची तुमची, ६ ची जो आधी उठेल त्याची. ते रात्रपाळीला असतील त्या आठवड्यात रात्रीची बाई सांगा, तो खर्च नोकरी सोडण्यापेक्षा कमीच आहे. चादर धरून सरकवायचं असेल तेव्हा मात्र दोघंही. आणि १० चा, २ चा गजर त्यांच्या मोबाइलवर लावा, तुमच्या नाही.